पेजेची खळ

रविकांतनं आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि तीस वर्षं एकमेकांना सुखानं विसरलेली माणसं सकाळ-संध्याकाळ फुलांचे फोटो पाठवायला लागली. मी त्यात कधी काही लिहीत नसे. मग स्नेहमेळावा ठरला. गावाचं नाव सांगत नाही, उगाच बोभाटा नको. देवगाव फाट्यावरून आत जावं लागतं, एवढं पुरे. शाळेत कार्यक्रम, जेवण, पाथरीकर बाईंचा सत्कार, आणि सगळ्या ‘पोरांनी’ पांढऱ्या टोप्या घालून यायचं, कारण आपल्या वेळी बाप लोक टोप्या घालायचे. पन्नाशीकडं झुकलेल्या, पोटं सुटलेल्या माणसांना हा पोरं म्हणतो, इथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

"शिवकन्या, तू परभणीतच असतीस ना? एक काम कर," रविकांतचा फोन आला. त्याचं बोरीला खत-बियाणांचं दुकान आहे आणि सगळ्या जगाला कामं सांगायची सवय आहे. "चाळीस टोप्या खळ घालायला दिल्यात. रविवारी येताना तेवढ्या घेऊन ये. आपल्या पंचफुलाची लाँड्री हाय तिथं. सटवाजी परटाची पंचफुला, आठवती का?"

"ती येणार आहे का मेळाव्याला?"

"ती कशी येईल? ती नववीतूनच गेली की. आपली बॅच दहावीची. पर घरचीच हाय, टोप्या झकास करून देईल."

म्हणजे टोप्या धुवायला घरची आणि जेवायला बाहेरची. मी हे त्याला बोलून दाखवायला हवं होतं. बोलले नाही, कारण पंचफुलाचं नाव ऐकल्यावर मला फोन लवकर ठेवायचा होता. लग्नापासून मी परभणीत राहते, नवरा कृषी विद्यापीठात नोकरीला. पंचफुलाही परभणीतच कुठंतरी आहे, हे मला ठाऊक होतं. परभणी काही एवढं मोठं शहर नाही. मी तिला शोधलं नाही, कारण मला ती सापडायला नको होती.

नववीला आम्हा मुलींना गृहशास्त्र होतं, आठवड्यातून तीन तास. त्याच वेळी पलीकडच्या वर्गात मुलांना बीजगणिताचा जादा तास असायचा. आम्ही वहीत लिहायचो: खळ म्हणजे काय, खळीचे प्रकार, खळीचे फायदे. पोरींना गणितातून उठवून कपडे ताठ करण्याची व्याख्या पाठ करायला लावायची आणि शब्द चुकला की हातावर पट्टी. माझ्या मुलीला मी हे सांगते तेव्हा ती हसते. मला अजून हसू येत नाही.

पुस्तकात आरारूटची खळ होती. आमच्या गावात आरारूट कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून मैदा चालेल असं पाथरीकर बाईंनी सांगितलं. पंचफुला माझ्या शेजारी बसायची. ती एकदा उठून म्हणाली, "बाई, भाताच्या पेजेची खळ चांगली बसती. गाळून घेतली की गुठळी राहत न्हाई." बाई म्हणाल्या, "पुस्तकात काय दिलंय?" सगळ्या मुली हसल्या. मीही हसले. जिच्या घरात चार पिढ्या गावाचे कपडे ताठ होत आले, तिला बाई चमच्यानं मैदा मोजायला शिकवत होत्या आणि आम्ही तिलाच हसत होतो.

वार्षिक परीक्षेला पन्नास मार्कांचं प्रात्यक्षिक. घरून एक पांढरी टोपी आणायची, शाळेच्या हौदावर धुवायची, नीळ द्यायची, खळ घालायची, वाळली की कोळशाच्या इस्त्रीनं घडी बसवायची. मी दादांची, म्हणजे माझ्या वडलांची, पंडितराव पाटलांची, दुकानातून आणलेली नवी टोपी नेली. पंचफुलाच्या घरात गावभरच्या टोप्या असायच्या, पण स्वतःची एकही नाही. तिचे वडील मुंडासं बांधायचे. बापाच्या वयाचा माणूस, पण आम्ही पोरंसोरंसुद्धा त्यांना नुसतं सटवा म्हणायचो. तर पंचफुलानं धुण्याच्या गाठोड्यातून एक टोपी काढून आणली. संध्याकाळी ती टोपी घरपोच जाणारच होती. उलट जास्त चांगली होऊन गेली असती.

माझ्या खळीत गुठळ्या झाल्या. इस्त्रीत निखारे जास्त झाले आणि टोपीला ऐन पुढच्या बाजूला तपकिरी डाग पडला. बाईंनी बावीस टोप्या टेबलावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीखाली नंबराची चिठ्ठी. त्यातली एक उचलून त्यांनी टिचकी मारली. तिच्यावर सुरकुती नव्हती, डाग नव्हता, कडा सरळ होत्या.

"ही कुणाची?"

पंचफुलानं हात वर केला.

त्या टोपीच्या आत मी आधीच डोकावले होते. परीट प्रत्येक घरच्या कपड्याला बिब्ब्यानं खूण करतो, म्हणजे नदीवर कपडे मिसळले तरी कुणाचे ते कळतं, आणि बिब्ब्याची खूण कितीही धुतली तरी जात नाही. आमच्या घरची खूण तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. ती टोपी आमची होती. मी आणलेली नवी टोपी परटाकडं कधी गेलीच नव्हती, म्हणून तिच्यात खूणच नव्हती.

"बाई, ही टोपी आमच्या दादांची आहे," मी म्हणाले. "आत खूण बघा."

एवढंच म्हणाले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि मी पुरतं खोटं बोलले होते. तेव्हाही मला ते कळत होतं. पंधरा वर्षांची होते, लहान होते, असलं काही मी स्वतःला ऐकवत नाही.

"चिठ्ठ्या बदलल्यास तू?" बाईंनी पंचफुलाला विचारलं.

"न्हाई बाई. टोपी त्यांचीच हाय, पर खळ मी घातली. घरच्या गाठोड्यातून आणली व्हती."

"म्हणजे चोरलीससुद्धा," बाई म्हणाल्या.

सटवाजींना बोलावणं गेलं. बाईंनी टोपी त्यांच्या हातात दिली नाही. लांबूनच आतली खूण दाखवली. हातात दिली असती तर बोट लावताच त्या माणसानं ओळखलं असतं की ही माझ्या पोरीच्या हातची खळ आहे. "खूण पाटलाच्याच घरची हाय," ते म्हणाले. खूण त्यांनीच केलेली, नाही कसं म्हणणार? मग वर्गासमोर त्यांनी पंचफुलाला मारलं. ती खाली पडली तरी मारलं. मी मूग गिळून बसले. मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले, पंचफुला नापास.

त्यानंतर लोक सटवाजींकडून कपडे मोजून घ्यायला लागले. चार पिढ्यांत कुणी मोजले नव्हते. दिवाळीच्या आत ते घर गाव सोडून गेलं.

शुक्रवारी सकाळी मी जिंतूर रोडच्या गल्लीत पंचफुलाच्या लाँड्रीसमोर उभी राहिले. तिनं मान वर केली आणि मला लगेच ओळखलं. केस पिकलेले, मनगटं मात्र माझ्या दुप्पट.

"टोप्या तयार हायेत," ती म्हणाली. "मोजून घे."

"मोजायच्या नाहीत. पंचफुला, मला तुझ्याशी बोलायचंय. त्या दिवशी मी..."

"मला कशाला सांगायलीस? मी तिथंच व्हते." तिची इस्त्री थांबली नाही. "गाठोड्यात साठेक टोप्या व्हत्या त्या दिशी. तुझ्याच घरची का उचलली, ठाव हाय? म्हनलं, शिवकन्या शेजारी बसती, ती काय म्हणायची न्हाई."

 तिनं मला बस म्हटलं नाही आणि तेच बरोबर होतं.

"बाप आत हाय," ती म्हणाली. "ऐंशीच्या पुढं गेलाय. दोन महिने अंथरुणातून उठला न्हाई. समदा धंदा माझ्या हातावर सोडलाय त्यानं, पर अजून इचारतो. पोरी, आता तरी खरं सांग, बदलली व्हतीस का चिठ्ठी? तीस वरसं झाली, माझं त्याला पटत न्हाई. डॉक्टर म्हणला, आता लय दिस न्हाईत. माफी माझ्याकडं मागू नको, मला नको ती. आत जा अन् त्याला सांग. मी चोर न्हाई हे ऐकून मरू दे माझ्या बापाला."

मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर सटवाजी होते. पंचफुलानं माझं नाव सांगितलं आणि तो म्हातारा कोपरावर जोर देऊन उठायला बघायला लागला.

"पंडितराव पाटलाची लेक? आक्का, तुमी? माझ्या घरी?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, एक गोष्टही झाकली नाही. गुठळ्या, डाग, माझ्या टोपीत खूण नसणं, सगळं. ते ऐकत होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, झालं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आक्का, तुमचं मन लय मोठं हाय. माझ्या पोरीची चूक तुमी सवताच्या डोक्यावर घ्यायलाव. देव तुमचं भलं करो."

"अहो, नाही! मी खोटं बोलले होते!" मी अक्षरशः ओरडले.

"पाटलाच्या घरचं माणूस खोटं कशाला बोलल? अन् बाईनं सवता सांगितलं व्हतं मला. शिकलेली बाई." ते हात खाली घेईनात. "मला बरं वाटावं म्हणून आलाव तुमी. समजतंय मला."

दारात पंचफुला उभी होती. "बघितलंस?" ती म्हणाली. "खोटं बोललीस तवा एका शब्दात समद्यांना पटलं. आता खरं बोलायलीस तर तुझी थोरवी झाली. जा आता. बाईनं सांगितलं तरच पटंल त्याला. आणतीस का बाईला?"

"आणते," मी म्हणाले.

रविवारी मी टोप्यांचा गठ्ठा घेऊन गावी गेले. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. टोप्या घालून सगळे सेल्फी काढत होते. एकानंही विचारलं नाही की एवढ्या छान कुणी केल्या. पाथरीकर बाई पहिल्या रांगेत, मांडीवर शाल-नारळ, तब्येत ठणठणीत. मी आधी बाईंना बाजूला घेऊन बोलायला बघितलं, पण रविकांतला मिनिटा-मिनिटाचा कार्यक्रम उरकायचा होता. त्यानं माइकवर माझंच नाव पुकारलं. "आता दोन शब्द बोलतील गृहशास्त्रात पहिल्या आलेल्या आपल्या शिवकन्याताई!"

मी दोन शब्द बोलले नाही. सगळं बोलले.  रविकांत हसत पुढं आला, "चालायचंच, लहानपणी व्हतंच असं," म्हणत माइककडं हात केला. मी त्याचा हात झटकला आणि माइक घेऊन बाईंसमोर गेले.

"बाई, तुम्हाला मी फसवलं होतं. पंचफुलाच्या वडलांना हे तुमच्या तोंडून ऐकायचंय. माझ्याबरोबर परभणीला चला. बाहेर गाडी उभी आहे."

बाई हसल्या. नातवाची खोडी ऐकावी तसं हसल्या.

"अगं वेडे, तू कसली मला फसवतेस? मला तेव्हाच कळलं होतं. बोट लावलं आणि ओळखलं, ही पेजेची खळ. मैद्याच्या खळीला ती टिचकी वाजतच नाही. आणि तुझ्या गुठळ्या मी वर्षभर बघितल्या होत्या. डागाची टोपी तुझी, हे आंधळ्यालासुद्धा कळलं असतं."

माइक माझ्या हातात, त्यांच्या तोंडासमोर होता. सगळ्या पटांगणाला ऐकू जात होतं.

"मग पंचफुलाला नापास का केलंत?"

"पंडितराव शाळेच्या संस्थेवर होते, त्यांच्या मुलीला भर वर्गात खोटं कसं पाडायचं? आणि तिला मार्क हवे होते कशाला? तिला तर ते घरचंच येत होतं!"

मांडव हसला. खरंच हसला, टाळ्याही पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीस वर्षं मी समजत होते की हे पाप माझ्या एकटीचं. ते दोघींचं निघालं तर मला थोडं हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मी भीतीनं गप्प बसले होते. या बाई सगळं समजून-उमजून, शांतपणे, खडू हातात घेऊन गप्प बसल्या होत्या. आणि वर शाल घेऊन हसत होत्या.

"चला माझ्याबरोबर," मी पुन्हा म्हणाले. "हेच त्यांना सांगा. एक वाक्य."

"आता कशाला जुनं उकरतेस? माझे गुडघे बघ, एवढा प्रवास व्हायचा का?"

"तुम्ही नांदेडहून इथवर आलात बाई, शाल घ्यायला!"

रविकांतनं माइक बंद करवला. माझा आवाज बंद झाला नाही. मी टोप्यांची चाळीस डोकी बघितली आणि म्हणाले, ज्या पोरीला वर्गातून मारून हाकललं, तिच्याच हातून धुऊन घेतलेल्या टोप्या घालून हसता, लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला? कुणी खाली बघितलं, कुणी जेवणाच्या मांडवाकडं. दोघा-तिघांनी टोप्या काढल्या. मी त्यांना त्याचं काही श्रेय देत नाही.

परमेश्वर आमच्याच वर्गातला, तो पहिल्यापासून सगळा कार्यक्रम मोबाइलवर घेत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाई बोलल्या तेवढं मला पाठव. आत्ता. माझ्यासमोर." त्यानं रविकांतकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पाठवलं. मी न जेवता निघाले.

चारच्या सुमाराला परभणीत पोचले. पंचफुलानं माझ्या मागं बघितलं. बाई नव्हत्या. "बाई आल्या नाहीत," मी म्हणाले, "पण त्यांचं बोलणं आणलंय." ती मला आत घेऊन गेली.

मी खाटेशेजारी फरशीवर बसले आणि फोन सटवाजींच्या कानाशी धरला. बाईंचा आवाज त्यांनी लगेच ओळखला; पडल्या-पडल्याही त्यांनी अंगावरचं पांघरूण नीट केलं. आधी बाईंचं हसणं, मग पेजेची खळ, मग गुठळ्या, मग संस्था, मग "तिला तर ते घरचंच येत होतं", आणि त्यावर मांडवाचं हसणं.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"हे कोण हसायलंय?"

"गावातलेच. आमच्या वर्गातले."

"हसायलेत?"

मी मान डोलावली.  मग त्यांनी पंचफुलाला जवळ बोलावलं आणि हात तिच्या डाव्या कानावर ठेवला.

"ह्यो कान त्याच दिशी गेला ना गं तुझा?"

"असू द्या, बाबा."

"त्याच दिशी. माझ्या हातानं." त्यांचा श्वास जोरात चालायला लागला. पंचफुला पाणी द्यायला वाकली, ते त्यांनी बाजूला सारलं आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. जन्मभर माझ्या घरच्यांपुढं खाली असलेली नजर मी पहिल्यांदा समोरून बघितली.

"परवा मी तुला हात जोडले," ते म्हणाले. "तुला."

"सटवाजीमामा..."

"मामा म्हनू नगं!" खाटेतल्या त्या वाळलेल्या देहातून एवढा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. बाहेर काउंटरवर उभं असलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. "ऊठ! माझ्या घरातून ऊठ!"

मी बसूनच होते.  मी पंचफुलाकडं बघितलं, का ते मलाही सांगता येणार नाही. तिनं बापाच्या पाठीमागं उशी सरकवली, त्याला नीट बसवलं आणि मग माझ्याकडं वळली.

"ऐकायला येत न्हाई का? ऊठ म्हणायलाय माझा बाप."